नोकरी देताना तुमचं प्रोफाइल कोण बघतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नोकरी शोधणाऱ्यांचे आहेत आणि नोकरी देणाऱ्यांचेही. उमेदवारांचे जास्त आहेत, कारण झळ त्यांना बसते. कायदा मुख्यतः भारतातला सांगितला आहे. परदेशातलं जिथे आपल्या लोकांच्या कामाचं आहे, तिथे तेही दिलं आहे.

नोकरी देण्याआधी कंपन्या खरंच आपलं फेसबुक-इन्स्टा बघतात का?

बघतात. सगळ्या कंपन्या नाही, सगळ्या पदांसाठीही नाही, आणि बघितलं असं कबूल करणारे त्याहून थोडे. अमेरिकेत ‘करिअरबिल्डर’ या नोकरीच्या संकेतस्थळाने २०१८ मध्ये पाहणी केली, तेव्हा ७० टक्के नियोक्त्यांनी आपण उमेदवारांचा सोशल मीडिया बघतो असं सांगितलं होतं. बघणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांना तिथे असं काही सापडलं होतं, की त्यांनी उमेदवाराला घेतलंच नाही. आपल्याकडे हे कुठल्या धोरणात लिहिलेलं नसतं. सीव्ही आला, नाव गूगलमध्ये टाकलं, इतका साधा प्रकार. लग्नाचं स्थळ आलं की पत्रिकेच्या आधी मुलाचं फेसबुक चाळणारी मावशी प्रत्येक घरात असते. ऑफिसातही ती असते, फक्त तिच्या गळ्यात आयडी कार्ड असतं.

नेमकं कोण बघतं आणि कधी?

सीव्ही चाळताना रिक्रूटर बघते, पण ती बहुधा लिंक्डइनपुरतीच थांबते. एका जागेसाठी तिच्यापुढे ढीगभर सीव्ही असतात. ती वाचत नाही, नुसती नजर टाकते: सध्याची कंपनी, वर्षं, फोटो.

जास्त धोका मुलाखतीच्या आदल्या रात्री असतो. तुमचा होऊ घातलेला मॅनेजर घरी बसून, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यातून तुमचं नाव शोधतो. त्याला कुणी बघायला सांगितलेलं नसतं आणि बघू नको असंही सांगितलेलं नसतं. याची नोंद कुठेच होत नाही. तुम्ही केबिनमध्ये पाऊल टाकण्याआधी तुमच्याबद्दलचं मत तयार होतं ते इथे.

शेवटी, ऑफर हातात आल्यावर बीजीव्ही, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. ते बाहेरच्या एजन्सीकडे असतं. पदवी, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, पत्ता, पोलिस रेकॉर्ड, यूएएनवरून (म्हणजे पीएफ खात्याच्या क्रमांकावरून) पीएफचा इतिहास, आणि हल्ली काही पॅकेजमध्ये ‘सोशल मीडिया चेक’ हाही एक रकाना. मूनलाइटिंग, म्हणजे एक नोकरी असताना गुपचूप दुसरी करणाऱ्यांना इन्स्टाची धास्ती वाटते. त्यांना धास्ती वाटायला हवी ती पीएफच्या रकान्याची.

ते शोधतात तरी काय?

विचारलं तर यादी सरळ असते. लिंक्डइनवरच्या आणि सीव्हीतल्या तारखा जुळतात का. शिवीगाळ, धमक्या, बायकांबद्दलच्या गलिच्छ कमेंट आहेत का. आधीच्या कंपनीच्या क्लायंटचा स्क्रीनशॉट कुठे टाकलाय का. यात चूक काहीच नाही. कंपनीची कागदपत्रं ग्रुपवर टाकणाऱ्या माणसाला मीही घेणार नाही.

अडचण आहे ती न शोधता सापडणाऱ्या गोष्टींची. ‘तुमची जात कोणती’ असं मुलाखतीत विचारायची हिंमत बरा एचआर करणार नाही. पण ६ डिसेंबरचा चैत्यभूमीवरचा फोटो, ईदच्या शीरखुर्म्याची स्टोरी, सत्यनारायणाला सोवळं नेसून बसलेले वडील, मंगळागौरीचं रील हे सगळं समोर येतं आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळून जातं. बाईचं प्रोफाइल असेल तर आणखी: लग्न कधी झालं, डोहाळजेवण झालं का, मूल किती लहान आहे, नवऱ्याची बदली कुठे झाली. एकदा बघितलेलं डोक्यातून काढून टाकता येत नाही. मग ‘टीममध्ये फिट वाटत नाही’ असा शेरा येतो, आणि त्या शेऱ्यामागे नेमकं काय होतं हे लिहिणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

पण प्रोफाइलवरून माणसाचा स्वभाव कळतोच ना? मग कामातला कळणार नाही?

हा प्रश्न एचआरवाले विचारतात, आणि तो तपासून बघितला गेला आहे. चॅड व्हॅन इडेकिंगे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत नोकरी शोधणाऱ्या ४१६ कॉलेज विद्यार्थ्यांची फेसबुक प्रोफाइल्स अनुभवी रिक्रूटरांना दाखवली आणि त्यांना गुण द्यायला सांगितले. पुढे ही मुलं नोकरीला लागल्यावर, ज्यांच्या वरिष्ठांशी संपर्क झाला अशा ८६ जणांच्या कामाबद्दल त्या वरिष्ठांचं मत घेतलं. रिक्रूटरांनी दिलेले गुण आणि प्रत्यक्ष काम यांचा संबंध लागला नाही. कोण नोकरी सोडून जाईल, याचाही अंदाज त्या गुणांवरून येत नव्हता. एक गोष्ट मात्र ठळक दिसली: मुलींना आणि गोऱ्या उमेदवारांना सरासरीने जास्त गुण पडले होते.

म्हणजे कामाबद्दल जे कळायला हवं ते कळलं नाही, आणि जे मध्ये यायला नको ते आलं. अभ्यास एकच आहे, अमेरिकेतला आहे, फेसबुकवरचा आहे. त्याला वेदवाक्य मानू नका. पण ‘मला माणूस बघताक्षणी कळतो’ म्हणणाऱ्या साहेबांपुढे ठेवायला तो पुरेसा आहे.

आडनाव आणि धर्म बघून डावलतात, हे नुसतं बोललं जातं की खरंच होतं?

खरंच होतं, आणि त्यासाठी सोशल मीडियाचीही गरज नव्हती. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदललं होतं फक्त नाव: उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. बोलावणं येण्याच्या बाबतीत दलित नाव मागे पडलं, मुस्लिम नाव त्याहूनही मागे.

सोशल मीडियाचा वेगळा प्रयोग अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अलेसांद्रो अक्विस्टी आणि क्रिस्टिना फाँग यांनी केला. चार हजारांवर कंपन्यांना अर्ज गेले. अर्जात धर्माचा उल्लेख नव्हता. तो फक्त त्या उमेदवाराच्या बनवलेल्या प्रोफाइलवर होता. देशभराचा हिशेब काढला तर फरक फारसा नव्हता. पण रिपब्लिकन पक्षाचं वजन असलेल्या भागांत मुस्लिम उमेदवाराला ख्रिस्ती उमेदवारापेक्षा कमी फोन आले. कंपन्यांनी प्रोफाइल उघडून बघितलं असणार, एवढं त्यातून उघड होतं.

महाराष्ट्रात आडनावच निम्मं सांगून जातं. ज्यांनी आडनाव गाळून नुसतं वडिलांचं नाव लावलं, त्यांचं उरलेलं निम्मं प्रोफाइल सांगतं.

कंपनीने माझं प्रोफाइल बघणं भारतात कायदेशीर आहे का?

तुम्ही स्वतः सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं असेल, तर ते बघण्याला मनाई नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. पण ज्या व्यक्तीची माहिती आहे तिने ती स्वतःहून सार्वजनिक केली असेल, तर त्या माहितीला तो कायदा लागू होत नाही, असं त्याच्याच तिसऱ्या कलमात आहे. सोशल मीडियावर जाहीरपणे मतं लिहिणाऱ्या व्यक्तीचं उदाहरणही तिथेच दिलं आहे.

मात्र ‘स्वतःहून’ या शब्दाला वजन आहे. मित्राने तुम्हाला टॅग करून टाकलेला फोटो तुम्ही सार्वजनिक केलेला नसतो. फक्त मित्रांसाठी ठेवलेली पोस्ट कुणी स्क्रीनशॉट काढून एचआरला पाठवली, तर तीही तुम्ही सार्वजनिक केलेली नसते. अशी माहिती एजन्सी गोळा करून साठवत असेल, तर कायद्याचं बंधन येऊ शकतं. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास लागू व्हायची आहेत. तोवर बीजीव्हीच्या संमतिपत्रावर डोळे झाकून सही करू नका. त्यात ‘सोशल मीडिया’ हा शब्द आहे का, तेवढं तरी शोधा.

आणि भेदभाव झाला तर? त्याविरुद्ध कायदा नाही का?

तुकड्यातुकड्याने आहे. घटनेची १५ आणि १६ ही कलमं सरकारी नोकरीत तुमच्या बाजूने उभी राहतात, खासगी कंपनीच्या भरतीत नाहीत. खासगी नोकरीत जातीवरून किंवा धर्मावरून डावलायला सरसकट मनाई करणारा एक कायदा आपल्याकडे नाही. आहेत ते असे: भरती करताना लिंगावरून भेदभाव करायला वेतन संहिता, २०१९ मध्ये मनाई आहे (ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आधी हे काम १९७६ चा समान वेतन कायदा करत होता). तृतीयपंथी व्यक्तींबाबत २०१९ चा, एचआयव्हीबाधितांबाबत २०१७ चा कायदा खासगी नोकरीलाही लागू आहे. अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं.

हे सगळं सिद्ध कसं करायचं, हा खरा पेच आहे. मॅनेजरने रात्री अकरा वाजता काय बघितलं याचा कागद कुठे असणार?

एचआरने लॉगइन करून दाखवा असं सांगितलं, किंवा पासवर्ड मागितला तर?

देऊ नका. अमेरिकेत हे इतकं वाढलं होतं, की मोंटाना राज्यातल्या बोझमन शहराच्या नगरपालिकेने २००९ मध्ये अर्जाच्या कागदांतच उमेदवारांकडून खात्यांची नावं आणि पासवर्ड मागितले होते. देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. पुढे २०१२ मध्ये मेरीलँडने असा पासवर्ड मागायला बंदी घालणारा कायदा केला, तो अमेरिकेतला पहिला. नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले.

भारतात मागण्यावर वेगळी बंदी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६क लबाडीने दुसऱ्याचा पासवर्ड वापरण्याबद्दल आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तुम्ही आपल्या हाताने दिलात, तर ते लावणं अवघड होईल. नकार देताना भांडायची गरज नाही. ‘पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, हा फेसबुकचाच नियम आहे’ एवढं म्हणा. ते खरं आहे. आणि कुठली तरी ‘कंपनी’ टेलिग्रामवर मुलाखत घेऊन लॉगइन किंवा ओटीपी मागत असेल, तर ती कंपनी नाही, चोर आहेत.

मुलाखतीनंतर एचआरची फ्रेंड रिक्वेस्ट आली, तर लिंक्डइनवर घ्या, बाकी ठिकाणी राहू द्या. कुणी वाईट वाटून घेत नाही.

व्हॉट्सॲपचा डीपीसुद्धा बघतात?

सगळ्यात आधी तोच दिसतो. सीव्हीवर मोबाइल नंबर असतो, रिक्रूटर तो सेव्ह करून मुलाखतीची वेळ व्हॉट्सॲपवर पाठवते, आणि तुमचा डीपी तिच्या समोर. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखा डीपी असेल तर तोही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो, अबाउट आणि स्टेटस ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवलं की प्रश्न मिटतो, कारण तिचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नसतो.

ट्रूकॉलर मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिथे दिसणारं नाव बऱ्याचदा इतरांनी तुमचा नंबर कोणत्या नावाने सेव्ह केलाय त्यावरून ठरतं. मित्राच्या फोनमधून जन्माला आलेलं ‘बंड्या उधारी’ थेट एचआरच्या स्क्रीनवर झळकू शकतं. ॲपमधून नाव दुरुस्त करता येतं, किंवा त्यांच्या संकेतस्थळावरून नंबर यादीतून काढून टाकता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. नोकरी शोधायला लागलात की त्याच आठवड्यात करा.

माझ्याच नावाचा दुसरा माणूस आहे आणि तो काहीबाही लिहितो. काय करू?

सचिन पाटील, अमोल जाधव, पूजा शिंदे या नावांच्या लोकांची ही रोजची कटकट आहे. महाराष्ट्रात एका तालुक्यात एकाच नावाचे डझनभर निघतील. शोधणारा पहिला निकाल उघडतो आणि तोच तुम्ही असं धरून चालतो.

उपाय एवढाच, की खरं प्रोफाइल सहज सापडेल असं करायचं. सीव्हीवर लिंक्डइनची लिंक द्या, तिथे सीव्हीतलाच फोटो लावा, आणि नाव वडिलांच्या नावासकट लिहा. आपली वडिलांचं नाव मध्ये घालायची पद्धत इथे कामाला येते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी दोन्ही आडनावं ठेवलेली बरी. नाहीतर पदवीवर एक, पीएफवर दुसरं, लिंक्डइनवर तिसरंच असं होतं आणि बीजीव्ही तिथेच अडकते. कुणी तुमचं नाव-फोटो वापरून मुद्दाम खोटं खातं काढलं असेल, तर ते वेगळं. त्याची त्या ॲपवर आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा. त्याचा क्रमांक १९३० पैशांच्या फसवणुकीसाठी लक्षात ठेवा.

जुन्या पोस्ट पुसून टाकू का?

कॉलेजातल्या, रागाच्या, दुसऱ्याला लागतील अशा असतील तर टाका. फेसबुकवर एकेक पोस्ट शोधत बसू नका: ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ ही सोय आजवरच्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या करते. ‘ॲक्टिव्हिटी लॉग’मधून जुन्या पोस्ट घाऊकपणे कचऱ्यात टाकता येतात, तिथे त्या ३० दिवस राहतात. इन्स्टावर टॅग झालेले फोटो आपण मान्य केल्यावरच प्रोफाइलवर दिसतील, असं करून ठेवा. एक्सवर कोणी काय लाइक केलं ते जून २०२४ पासून इतरांना दिसत नाही, पण रिपोस्ट आणि रिप्लाय दिसतात, आणि लोकांचा जिभेवरचा ताबा सुटतो तो रिप्लायमध्येच.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात २०१३ मध्ये १७ वर्षांच्या एका मुलीची युवा पोलिस आयुक्तपदी नेमणूक झाली. ती १४ ते १६ वर्षांची असतानाचे तिचे ट्वीट वर्तमानपत्राने खणून काढले आणि काही दिवसांत तिला पद सोडावं लागलं. चौदाव्या वर्षी आपण काय बोलत होतो, ते नाक्यावरच्या कट्ट्यासोबत विरून गेलं, हे आपल्या पिढीचं नशीब.

मग सगळं लॉकच करतो. किंवा अकाउंटच ठेवत नाही. चालेल?

फेसबुक-इन्स्टा लॉक करायला काहीच हरकत नाही. लॉक केलेलं प्रोफाइल बघून संशय घेणारा एचआर मूर्ख आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण लिंक्डइनचं तसं नाही. करिअरबिल्डरच्या त्याच पाहणीत ४७ टक्के नियोक्त्यांनी, उमेदवार ऑनलाइन सापडलाच नाही तर त्याला बोलावण्याची शक्यता कमी होते, असं म्हटलं होतं. आयटी, मार्केटिंग, बँका, मीडिया यांत हे चालतं. चाकणच्या कारखान्यात सीएनसी ऑपरेटर घेताना कुणी लिंक्डइन बघत नाही; तिथे आधीच्या सुपरवायझरला एक फोन जातो.

राजकीय पोस्टचं काय? मत मांडणं हा माझा हक्क आहे.

आहे, सरकारविरुद्ध. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातून देशभर वाद उठला, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम रद्द केलं. पण एचआर म्हणजे पोलिस नव्हे. न्यायालयाने संरक्षण दिलेली पोस्ट खासगी मालकाला आवडली नाही आणि त्याने तुम्हाला घेतलं नाही, तर घटनेच्या १९व्या कलमाचा, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, आधार तिथे मिळत नाही.

मत असणारी माणसं मला मत नसणाऱ्यांपेक्षा बरी वाटतात. पण तुम्ही काय म्हणता यापेक्षा कसं म्हणता, हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं. टोल, खड्डे, आरक्षण, भाषा यांवर मुद्दा मांडून लिहिणारा आणि त्याच विषयांवर समोरच्याच्या आईबापावर उतरणारा यांत फरक न करणाऱ्या कंपनीत तसंही तुमचं जमायचं नाही.

सरकारी नोकरीत हे तपासतात का?

एमपीएससी किंवा यूपीएससीच्या गुणांत तुमच्या इन्स्टाला जागा नाही. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. तिथे प्रश्न पोस्टचा नसतो, गुन्ह्याचा असतो. पण पोस्टचाच गुन्हा होऊ शकतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून दंगल उसळली आणि गुन्हे दाखल झाले. धार्मिक तेढ वाढवण्याचं कलम, आता भारतीय न्याय संहितेतलं १९६, चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या स्टेटसलाही लागतं. स्टेटस गेलं तरी एफआयआर राहतो.

असा गुन्हा नोंद असेल तर तो फॉर्मवर लपवू नका. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उमेदवाराने खरी माहिती द्यायला हवी. आणि गुन्हा क्षुल्लक असेल तर लपवल्याबद्दल सरसकट नोकरी न घालवता नियोक्त्याने तारतम्य वापरावं. तारतम्य वापरतीलच याचा भरवसा नाही, म्हणून लिहून टाकलेलं बरं.

रुजू झाल्यावर नियम आणखी कडक होतात. राज्य शासनाने २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयात कर्मचाऱ्यांना वैयक्तिक आणि शासकीय खाती वेगळी ठेवायला, शासनाच्या धोरणांवर टीका न करायला आणि गणवेश, शासकीय वाहन वापरून वैयक्तिक खात्यावर रील न टाकायला सांगितलं आहे. लाल दिव्याच्या गाडीसमोर स्लो मोशनमध्ये चालणाऱ्यांचं कठीण झालं.

कंपनी अमेरिकेला पाठवतेय. व्हिसाला सोशल मीडिया दाखवावा लागतो म्हणतात?

हो, आणि इथे ‘दाखवणार नाही’ म्हणायची सोय नाही. डीएस-१६० या अमेरिकी व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं २०१९ पासून द्यावी लागतात. पासवर्ड मागत नाहीत. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) वाल्यांनाही प्रोफाइल सार्वजनिक करून ठेवायला सांगितलं गेलं. तपासणीला वेळ लागतो म्हणून भारतातल्या अनेक मुलाखती पुढे ढकलल्या गेल्या आणि सुटीला पुण्यात आलेले कित्येक जण इथेच अडकले. त्यामुळे वर सांगितलेली साफसफाई अर्ज भरण्याच्या बऱ्याच आधी करा. एखादं खातं फॉर्मवर लिहायचं टाळू नका. जुनी पोस्ट परवडली, पण अर्जात माहिती दडवणं परवडत नाही.

युरोप-अमेरिकेत उमेदवाराला आपल्यापेक्षा जास्त संरक्षण आहे का?

आहे. युरोपियन युनियनच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्यांच्या गटाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं, की प्रोफाइल सार्वजनिक आहे म्हणून ते वापरायचा अधिकार मालकाला आपोआप मिळत नाही. कामाशी संबंध हवा, उमेदवाराला आधी सांगायला हवं (जाहिरातीतच सांगितलं तरी चालेल), आणि नोकरी नाकारली की गोळा केलेली माहिती पुसायला हवी. जर्मनीने २०१० मध्ये आणखी पुढे जाऊन फेसबुकसारखी खाती भरतीसाठी बघायला मनाई आणि लिंक्डइनसारख्यांना परवानगी, असा मसुदा आणला होता. तो संमत झाला नाही.

अमेरिकेत बाहेरच्या एजन्सीच्या अहवालावरून नाकारलं, तर तो अहवाल उमेदवाराला दाखवावा लागतो. १९७० चा एक कायदा त्यासाठी आहे. ‘स्पोकिओ’ या कंपनीने लोकांची प्रोफाइल्स हा कायदा न पाळता भरती करणाऱ्यांना विकली, म्हणून २०१२ मध्ये तिला आठ लाख डॉलर भरावे लागले.

मला नाकारलं. कारण विचारू शकतो का?

विचारू शकता, सांगायचं बंधन नाही. बीजीव्हीमध्ये अडकला असाल तर ‘कोणत्या रकान्यात अडचण आहे’ असं ईमेलवर, शांतपणे विचारा. पुष्कळदा गोष्ट सोशल मीडियाची नसतेच. जुन्या कंपनीने फोन उचललेला नसतो.

माझी पंधरा-वीस माणसांची कंपनी आहे. उमेदवाराचं प्रोफाइल बघू की नको?

आधी स्वतःला विचारा, या कामासाठी त्यातून काय कळणार आहे? सोशल मीडिया सांभाळणारी मुलगी घेत असाल, तर तिचं प्रोफाइल हाच तिच्या कामाचा नमुना, जरूर बघा. ड्रायव्हर घेताय आणि त्याने एक्स्प्रेसवेवर १४० च्या वेगाचं रील टाकलंय, तर ते कामाशी संबंधित आहे. अकाउंटंटने राजमाची ट्रेकला बिअरचा कॅन हातात धरलाय, याचा जीएसटी रिटर्नशी काडीचा संबंध नाही.

बघायचंच ठरलं तर मुलाखतीनंतर बघा, आधी नाही. निवड करणाऱ्याने स्वतः बघू नये. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणीतरी बघावं आणि फक्त कामाशी संबंधित ओळी तारखेसकट लिहून द्याव्यात. कुणाचं बघायचं आणि कुणाचं नाही, असं करू नका. शेवटच्या तिघांचं बघणार असाल तर तिघांचंही बघा. काही खटकलं तर त्या माणसाला फोन करून विचारा. ते खातं त्याचं नसेलही. जाहिरातीत एक ओळ टाका: ‘लिंक्डइन प्रोफाइल बघितलं जाईल.’ आणि आपल्या मॅनेजरांना सांगून ठेवा, की रात्री फेसबुकवर शोधाशोध करायची नाही. पाळतीलच असं नाही, पण निदान दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ‘तिचं पुढच्या महिन्यात लग्न आहे, मी बघितलंय’ असं मोठ्याने बोलायला कचरतील.

एवढा खटाटोप नको असेल, तर दोन तासांचं प्रत्यक्ष काम द्या, त्याचे पैसे द्या, आणि ते बघून ठरवा. प्रोफाइलपेक्षा स्वस्तात जास्त कळतं.

रुजू झाल्यावर तरी सुटका होते का?

नाही. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत संयुक्त अरब अमिरातीत काही भारतीयांनी मुस्लिमांविरुद्ध पोस्ट टाकल्या, आणि चालू नोकऱ्या गेल्या. तिथे द्वेषाच्या वक्तव्याविरुद्ध २०१५ पासून कडक कायदा आहे आणि तो फेसबुकलाही लागतो. दुबईला निघालेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

इथल्या कंपन्यांत नियुक्तीच्या कागदांसोबत सोशल मीडिया धोरण येतं. बहुतेक जण न वाचता सही करतात. त्यात एक बघा: वैयक्तिक खात्यावर काय लिहायचं नाही, हे नेमकेपणाने दिलं आहे का, की ‘कंपनीच्या प्रतिमेला बाधा येईल असं काहीही’ असं मोघम. मोघम असेल तर एचआरला ईमेल करून एक-दोन उदाहरणं मागा आणि उत्तर जपून ठेवा. कंपनीच्या पोस्ट लाइक आणि शेअर करायची सक्ती असेल, तर लिंक्डइनवर करा. घरच्या इन्स्टावर संचालकांच्या वाढदिवसाचा केक टाकायची सक्ती कुठल्याही करारात नसते.